खारट दोऱ्याचा ग्लास

मी एक जुना चहाचा ग्लास आहे आणि माझ्या गळ्यात हातभर दोरा आहे. मित्रांनो, मला जे सांगायचं आहे ते या दोऱ्याबद्दलच. पण सुरुवात वाळूपासून करतो, कारण काच होण्याआधी मी वाळू होतो.

कुठली वाळू, ते आठवत नाही. भट्टीत आठवणी वितळून जातात. एक मात्र चुकून शिल्लक राहिली असावी. कुणीतरी निळं पाणी आपल्या अंगावरून ओढून नेतंय आणि पुन्हा आणून पांघरतंय, असं मला अधूनमधून वाटतं. फडताळात उपडा पडलो असताना तर फारच वाटतं.

धनश्रीच्या बारशाला पाहुण्यांना चहा द्यायला ग्लास हवे होते, म्हणून राजूरच्या आठवडे बाजारातून आम्ही सहाजण घरात आलो. बाकीचे पाच एकेक करून गेले. कुणी उकळत्या चहाने तडकला, कुणी मोरीत निसटला. मी राहिलो तो आबांमुळे. आबा म्हणजे धनश्रीचे वडील, भिमाजी. त्यांना माझ्यातूनच चहा लागे. माझ्या अंगावर फुलं नाहीत, रेघा नाहीत, पैलू नाहीत. आतून-बाहेरून सरळ आणि गुळगुळीत. आबा म्हणत, "ह्याच्यात चहाचा रंग खरा दिसतो."

आबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून येत, पुढे टेम्पोतून येऊ लागल्या. आबा आतली काळी पडलेली तार उपसून काढत आणि नवी तांब्याची तार भरत. वेटोळी पक्की बसावीत म्हणून ती दोऱ्याने बांधत. त्यांची गाठ मला पाठ होती. दोन वेढे, मधून एक फास, आणि दोऱ्याचं शेपूट आत दाबलेलं. गाठ कुठे संपली ते दिसत नसे. काम झालं की मोटार फरशीवर ठेवून ते वर पाणसळ ठेवत आणि तिच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत खालच्या चकत्या सरकवत. घरातला देव्हारा, भिंतीवरचं कॅलेंडर, धनश्रीच्या आईचा, म्हणजे माईंचा पोळपाट, सगळं त्यांनी पाणसळीनं तपासलेलं होतं. तिरकी गोष्ट त्यांना बघवत नसे.

सहा वर्षांपूर्वी ते शिर्डीच्या एका हॉटेलात पंप दुरुस्त करायला गेले. तिथे दाराशीच समुद्राच्या पाण्याची टाकी होती. आबांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पंप दोन तासांत झाला, पण ते संध्याकाळच्या गाडीने परतले. पुढे हॉटेलवाल्याने मोठी टाकी आणली, तेव्हा जुनी त्यांनी मजुरीच्या बदल्यात मागून घेतली आणि टेम्पोत गाद्यांवर निजवून घरी आणली.

मग आमच्या डोंगराच्या गावात, दुकानाच्या उत्तरेकडच्या भिंतीला, एक वीतभर रुंद समुद्र राहायला आला. मीठ पोत्यातून येई. पाणी गाळून, मोजून, ढवळून आबा ते बनवत. वीज गेली की इन्व्हर्टर आपसूक सुरू होई, आणि बाहेर अख्खं राजूर अंधारात असताना आमच्या दुकानात निळा उजेड हलत असे. टाकीत दगड होते, दगडांवर पोवळी होती. त्यातलं जांभळ्या फांद्यांचं पोवळं आबांनी करंगळीएवढं आणलं होतं, ते चार वर्षांत तळहाताएवढं झालं. त्याच्या आडोशाला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी राहत असे. माई त्यांना नुसतं "जोडी" म्हणायच्या. "जोडीला खायला घातलं का?" असं त्या आबांना विचारत, आणि आबांनी स्वतः खाल्लं का, ते नंतर.

टाकीत हात घालण्याआधी आबा बोटातली तांब्याची अंगठी काढत आणि कोपरापर्यंत हात धूत. धनश्रीने लहान मुलासारखं विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, "तांबं आपल्याला पोटाला देतं. पोवळ्यांना मात्र ते विष हाय. थेंबभर उतरलं तरी बाग जाईल."

गेल्या वर्षी नवा दगड आणला, त्याच्या भोकात एक खेकडा झोपून आला. तेव्हा तो मसुरीच्या डाळीएवढा होता. दिसला तेव्हा लिंबाएवढा झालेला होता. अंगभर केस, आणि नांग्यांची टोकं काळी. दिवे मालवले की तो बाहेर पडे आणि पोवळ्याची टोकं खुडून खाई. सकाळी जांभळ्या फांद्यांवर पांढरे ओरखडे दिसत.

आबांनी तेव्हा माझ्या गळ्याशी दोरा बांधला. संध्याकाळी दुकान बंद केलं की ते माझ्यात आमिषाचा तुकडा टाकत, मला दोऱ्याने हळूहळू टाकीच्या तळाशी सोडत, आणि सकाळी वर ओढून घेत. माईंनी विचारलं, "ग्लासाला दोरा कशाला?" तर म्हणाले, "शुगर निघाली ना. माझा फिका चहा ओळखू यावा म्हणून." चहाचं भांडं रात्रभर खेकड्यापुढे ठेवतो, असं सांगितलं असतं तर माईंनी मला आणि त्यांना, दोघांनाही बाहेर काढलं असतं. सकाळी ते मला गुपचूप धूत आणि माझ्यातूनच चहा पीत. त्या चहाला समुद्राची किंचित चव येत असावी. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

खेकडा मात्र माझ्यात आला नाही. आबा मला वाळूवर अगदी सरळ उभा करत. काठाला बोट लावून दोनदा बघत, एवढाही कलू देत नसत. खेकडा येई, माझ्याभोवती फिरे, माझ्या भिंतीवर पाय लावे आणि घसरून परत जाई. मला कळत होतं काय चुकतंय ते. पण मित्रांनो, ग्लासाला कळून काय उपयोग?

एका सकाळी आबांनी मला वर काढलं, टाकीवरच्या फळीवर ठेवलं, आणि छातीशी हात नेला. त्यांना संगमनेरला नेलं. ते परत आले नाहीत. मी फळीवर राहिलो. माझ्या दोऱ्यातलं पाणी सुकलं आणि त्याच्यावर पांढरी मिठाची साय आली.

घर माणसांनी भरलं. धनश्री संगमनेरच्या कॉलेजात शिकवायची, ती रजा घेऊन आली. खर्ड्याहून आबांची धाकटी बहीण आली. तिला सगळे आत्याच म्हणायचे. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. आबांची कोणती इच्छा राहिली असेल, यावर प्रत्येकाने काहीतरी सुचवलं. आत्यांनी हात जोडून सगळ्या गोष्टींची हमी दिली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घरी आली.

आत्यांच्या मनाला ते लागलं होतं. त्यांनी भाताचा एक घास हातात धरून ठेवला होता. घरात शिरताना टाकीपाशी थांबल्या आणि तो घास पाण्यात सोडला. त्यात वाईट हेतू नव्हता. दादाच्या मुक्या जीवांना घास, एवढंच. तर भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तो केसाळ खेकडा दगडातून बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी घास उचलला आणि तोंडाला लावला.

मागची मंडळी टाकीभोवती दाटली.

"दादानं घास घेतला," आत्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आत्या रोज त्याला जेवू घालू लागल्या. भात, पोळीचा चुरा, आबांना आवडायची म्हणून हुलग्याची शेंगोळीसुद्धा. पाणी गढूळ झालं. खेकडा पुष्ट झाला, दिवसाही फिरू लागला. धनश्रीने एकदा लांब चिमटा घेऊन टाकीत हात घातला, तेव्हा आत्या मागून म्हणाल्या, "बापाला चिमट्यानं धरतीस व्हय गं?" धनश्रीने खूप पुस्तकं वाचली होती. खेकडा म्हणजे खेकडा, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिचा हात पाण्यातच थांबला, आणि मग तिने तो काढून घेतला. आबा गेल्यापासून ती रडली नव्हती. रोज सकाळी उठून टाकीचं पाणी बदलायची, खारटपणा मोजायची, जांभळ्या फांद्यांवरचे नवे ओरखडे मोजायची.

अठराव्या दिवशी सकाळी जोडीतला एक मासा नव्हता. वाळूवर एक पांढुरकी शेपटी पडली होती. दुसरा मासा कोपऱ्यात, काचेला चिकटून, जागच्या जागी पोहत होता.

माई टाकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जोडीतला एक राहिला," आणि आत जाऊन भांडी घासू लागल्या.

धनश्रीची रजा सोमवारी संपत होती. ती गेल्यावर माई एकट्या. पाणी मोजायला त्या शिकल्या असत्या. पण खेकडा तसाच राहिला तर पुढच्या आठवड्यात तो मासाही राहणार नव्हता, आणि पोवळंही. मग त्या निळ्या उजेडात माईंनी बघायचं काय? धनश्रीच्या मनात हे चाललं होतं. मला दिसत होतं, कारण ती माझ्याशेजारीच हात टेकून उभी होती.

शनिवारी साळूबाई आली. ती भातखाचरातले काळे खेकडे पकडून बाजारात विकते. तिच्या विहिरीची मोटार आबांनी तीनदा भरून दिली होती, म्हणून भेटायला आली. टोपली पायरीवर ठेवली, माईंच्या गळ्यात पडली, डोळे पुसले, आणि मग टाकीला नाक लावून वाकली.

"अगं बया, हा तर लई खातापिता गडी हाय," ती म्हणाली. "नांग्या बघ कशा काळ्या केल्यात. मिशीला कलप लावून नवरदेव निघालाय जनू."

"नीट बोल, साळूबाई," आत्या म्हणाल्या. "दादा हाय त्यो."

"कोन दादा?"

"भिमादादा. धाव्याच्या दिशी घास घेतला त्यानं. माझ्या हातनं."

साळूबाईने आपल्या टोपलीकडे पाहिलं. टोपलीवरच्या फडक्याखाली खुडखुड चालली होती. "आत्याबाई, हितं चाळीस हायती. ह्यातला एकबी घासाला न्हाई म्हनत न्हाई. मग तुमचं निम्मं गाव हितंच भरलंय म्हनायचं."

आत्यांनी तोंड फिरवलं. माई चहा टाकायला आत गेल्या. पाहुण्यांच्या गर्दीत कप फुटले होते, एक कमी पडत होता. माईंनी फळीवरून मला घेतलं, नुसतं आतून विसळलं, आणि चहा ओतून धनश्रीच्या हातात दिलं.

धनश्रीने मला ओठाला लावलं. दोऱ्याची कड तिच्या खालच्या ओठाला टेकली.

ती थांबली. पुन्हा दोरा ओठाला लावला. मग जिभेचं टोक लावलं.

"माई, हा ग्लास कुणाचा?"

"त्यांचाच की. फिका चहा ओळखू यावा म्हणून दोरा बांधला होता."

"खारट लागतोय."

"तुझ्या हाताला टाकीचं पाणी असंल."

"हात कोरडे आहेत." धनश्रीने चहा खाली ठेवला आणि माझ्या गळ्यातला दोरा मोकळा करू लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा. पांढरा चुरा तिच्या मांडीवर पडला. "खुणेसाठी बोटभर पुरतो. हातभर कशाला बांधतील?"

ती उठली, टाकीपाशी गेली आणि मला बाहेरून काचेलगत लोंबतं धरलं. दोऱ्याचं टोक तिने टाकीच्या काठाशी ठेवलं, तेव्हा माझं बूड बरोबर वाळूच्या रेषेला आलं.

"साऱ्या दुकानात तांब्याची तार पडलेली आहे," ती हळूच म्हणाली. "हाताशी तार असताना आबांनी दोरा घेतला. तांबं आत उतरायला नको म्हणून." मग ती वळली आणि मला आत्यांच्या हातात दिलं. "आत्या, ही गाठ बघ."

आत्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं. गाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"शेपूट आत दाबलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या पाटीला पेन्सिल बांधून द्यायचा ती अशीच. सोडाया गेलं तर सुटायची न्हाई." त्यांनी दोऱ्यावरचं मीठ नखाने खरवडलं. "म्हंजी दादाच ह्याला धराया बघत हुता?"

"पुष्कळ दिवस. दोरा बघ किती मुरलाय."

आत्या टाकीकडे बघत राहिल्या. खेकडा काळी नांगी हलवत शेंगोळीची वाट बघत होता.

"मग त्यो दादा कसा आसंल?" आत्या शेवटी म्हणाल्या. "सवताच सवताला कोन धरतं?"

माईंच्या तोंडून हसू फुटलं. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. धनश्री त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आन मी मेलीनं त्याला शेंगोळी घातली," आत्या म्हणत होत्या. "दादाच्या वाट्याची."

संध्याकाळी धनश्रीने बाजारातून आणलेला एक सोडा, म्हणजे वाळवलेली कोळंबी, माझ्यात टाकला, तरंगू नये म्हणून वर खडा ठेवला, अंगठी काढली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मला पाण्यात सोडलं. वाळूवर अगदी सरळ उभं केलं. मागे सरून, एक डोळा मिटून बघितलं. मला गलबलून आलं. हुबेहूब आबा.

साळूबाई अजून गेली नव्हती. "हे काय गं? घागर मांडलीस व्हय लग्नातली?"

"मग?"

"आगं, उभ्या भिताडावर त्यो चढंल कसा? आमी बांधाला मडकं ठिवतो ते कलतं. तोंड दगडाला टेकवायचं. दगडावरनं चालत यील आन आत घसरंल. मग आतनं गुळगुळीत. बस म्हनावं."

"आबांना तिरकं ठेवणं जमलं नसतं," धनश्री म्हणाली.

"म्हनून तर मोटारी चालायच्या भिमाभाऊच्या. खेकडं कुठून गावनार?"

धनश्रीने मला दगडाला टेकवलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच तिरका झालो.

मित्रांनो, दिवे मालवल्यावर पाण्याखाली काय असतं ते तुम्हाला सांगायला हवं. उजेड एकदम जात नाही. तो पाण्यात थोडा वेळ रेंगाळतो, जसा सणाच्या घरात पाहुणा. पोवळी बोटं आत घेतात आणि दुसरी, बारीक बोटं बाहेर काढतात. पंपाचा आवाज लांबून येणाऱ्या लाटेसारखा होतो. माझ्या पोटात तो सोडा होता. कुठल्याशा किनाऱ्यावर वाळवलेला, पोत्यातून घाट चढून आलेला. खारं पाणी पिऊन तो फुगला, मऊ झाला, आणि मला वाटलं, आम्ही दोघंही घरी आलोय. कुणीतरी माझ्या अंगावरून निळं पाणी ओढून नेत होतं आणि परत आणून पांघरत होतं. कोपऱ्यातला एकटा मासा झोपेत कलंडला होता.

मग दगडावर पाय वाजले. तो आला, माझ्या काठावर थांबला. एक नांगी आत घातली, मग दोन पाय. मग त्याचा सगळा भार माझ्यात आला.

त्याने सोडा संपवला. मग वर चढू लागला. घसरला. पुन्हा चढला. त्याच्या पायांची टकटक माझ्या अंगभर होत होती. मला आनंद झाला नाही. त्याचा तरी काय दोष? तोही कुठल्या तरी खऱ्या समुद्रात दगडात झोपला होता आणि जागा झाला तो राजूरमध्ये. पण त्या कोपऱ्यातल्या माशाला सकाळ बघायची होती, म्हणून मी गुळगुळीत राहिलो. मला तेवढंच येतं.

उजाडता उजाडता धनश्री आली. तिच्या मागे आत्या होत्या, अंघोळ करून.

"मला वढू दे," आत्या म्हणाल्या. "दादाचा दोरा हाय."

आत्यांनी दोरा धरला. धनश्रीने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. मी आधी सरळ झालो, आणि मग वर आलो. पाण्याबाहेर येताना मी एवढा जड कधीच नव्हतो. गाठ सुटली नाही.

साळूबाईने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "घावला की मला द्या, झ्याक रस्सा करते." आत्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. "माझ्या हातचं खाल्लंय त्यानं," त्या म्हणाल्या. "त्याचा रस्सा न्हाई व्हायचा." म्हणून आबा नवे दगड ठेवायचे त्या काचेच्या लहान पेटीत खारं पाणी भरून, एक छोटा पंप लावून खेकड्याला तिथे ठेवलं. आत्या खर्ड्याला जाताना पेटीपाशी थांबल्या आणि त्याला एक तुकडा दिला. "खा," म्हणाल्या. "दादा न्हाईस तू. पन खा."

सोमवारी धनश्री संगमनेरला गेली. जाण्याआधी तिने माझा दोरा स्वच्छ पाण्यात धुवायला घेतला, नळाखाली धरला, आणि मग नळ बंद केला. न धुताच तो पुन्हा माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. शेपूट आत दाबायला तिला चार वेळा करून बघावं लागलं. मग मला फळीवर ठेवून ती पाठमोरी झाली, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. खांदे दिसले.

आता माई माझ्यातूनच चहा पितात. साखर घालून. टाकीसमोर खुर्ची घेऊन बसतात आणि फोनवर धनश्रीला खारटपणाचा आकडा वाचून दाखवतात. जांभळ्या फांदीच्या तुटक्या टोकांवर पांढरे, टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले आहेत. एकटा मासा कोपरा सोडून त्यांच्या आडोशाला झोपू लागला आहे.

मित्रांनो, मी फार काही मागत नाही. तुमच्या घरातलं कुणी गेलं आणि मागे एखादा दोरा बांधलेला ग्लास राहिला, तर घाईने दोरा कापू नका, घाईने धुऊही नका. एकदा ओठाला लावून बघा. जाणारा माणूस आपलं अर्धं राहिलेलं काम अशाच कुठल्या तरी गाठीत ठेवून गेलेला असतो.

माई चहा संपवतात, दोरा ओठाला लागतो, आणि त्या रोज म्हणतात, "खारटच हाय अजून." मग मला विसळतात. आतूनच.